दोन सीटचं विमान

बसचा पत्रा आणि विमानाचा पत्रा यांत फारसा फरक नसतो, हे त्याला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तिथून पुढे त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून लाभली नाही.

तो बस डेपोच्या बॉडी शॉपमध्ये कामाला होता. ठोकर लागून चेपलेल्या, कडेने फाटलेल्या, खालून गंजलेल्या बस तिथे यायच्या. जुना पत्रा उचकटायचा, नवा मापात कापायचा, सांगाड्यावर बसवायचा आणि रिबिटं मारत जायचं. एकाने बाहेरून हवेची बंदूक धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, मधल्यामध्ये रिबीट चेपलं जायचं. दिवसाला चार-पाचशे. त्याने मारलेल्या ओळीला दोरी लावून बघितली तरी एक रिबीट इकडचं तिकडे सापडायचं नाही. त्यामुळे डेपोत त्याचं नावच रिबीट पडलं. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं.

गावाबाहेर एक लहानसं विमानतळ होतं. हौशी लोकांचा क्लब, गवताची धावपट्टी, तीन-चार पत्र्याच्या शेड. त्या क्लबच्या मिनीबसचं दार निखळलं म्हणून फोरमनने त्याला तिकडे पाठवलं. दार तासाभरात बसलं. हात पुसायला फडकं शोधत तो शेजारच्या शेडमध्ये शिरला, तर समोर एक विमान उभं. पांढरं, दोन माणसांचं, बसच्या निम्म्याहून कमी लांबीचं. त्याने सवयीने आधी रिबिटं पाहिली. पंखावरून अंगठा फिरवला. आपलीच रिबिटं, फक्त डोकी पत्र्यात बुडवलेली. दोन ठिकाणी तर असं काम होतं, की हाताखालच्या माणसाने केलं असतं तर तो त्याला बोलला असता.

विमानाचा मालक, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा, तिथेच स्टुलावर बसला होता. त्याने सांगितलं की हे विमान त्याने घरच्या गॅरेजमध्ये बनवलंय. खोक्यांतून सुटे भाग येतात, सोबत नकाशे येतात, आपण जोडत जायचं. कपाट आणून जोडतात ना, तसंच, फक्त कपाटाला नऊ वर्षं लागत नाहीत.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात गेला. बायको टेबलाशी बसून ड्यूटीच्या पांढऱ्या कोटाला बटण लावत होती. ती इस्पितळात चादरी-अभ्रे मोजून देण्या-घेण्याच्या कामावर होती. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, एक मुलगी, तेव्हा शाळेत.

“अगं, विमान घरी बनवता येतं,” तो म्हणाला.

बायकोने दात लावून दोरा तोडला. “हो का? आणि मला कुठे बसवणार, पंखावर?”

ती थट्टा होती. त्याला ती थट्टा वाटली नाही. त्याला वाटलं, ही येणार. तेव्हापासून त्याच्या मनात विमान म्हटलं की दोन सीट, एकीवर तो आणि उजव्या हाताला ती. हे चित्र त्याने पुढे अकरा वर्षं पुसू दिलं नाही.

मग निवड सुरू झाली. बनवायचं म्हटलं की बनवायला लागावं, असं इतरांना वाटतं. पण रिबीट मापाचा माणूस होता. त्याने पत्रं पाठवून चार कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली. एक विमान लाकडाचं होतं. त्यासाठी कोरडी जागा हवी, आणि घरामागच्या त्याच्या शेडमध्ये हिवाळ्यात भिंतींना पाणी सुटायचं. दुसरं फायबरचं. दिसायला देखणं, पण त्या रसायनाचा वास महिनोनमहिने घरात राहतो असं मोजणीवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं आणि बायकोला दम्याचा त्रास. तिसरं नळ्यांचा सांगाडा करून वर कापड ताणायचं, सगळ्यांत सोपं, दोन-तीन वर्षांत होणारं. पण एकट्या माणसाचं. चौथं पत्र्याचं, दोन सीटचं, तेरा हजार रिबिटांचं. म्हणजे त्याच्याच हातचं काम. पण त्याची बसायची जागा अरुंद.

किती अरुंद, हे कागदावरून कळेना, तेव्हा त्याने शेडमध्ये पुठ्ठ्याचं आणि पातळ प्लायचं एक खोटं विमान उभारलं. विमान म्हणजे नुसती बसायची जागा: दोन सीट, समोर काट्या-घड्याळांची पाटी, दोन्ही बाजूंना मापाच्या भिंती. रविवारी दुपारी बायकोला तो तिथे बसवायचा, शेजारी आपण बसायचा आणि टेप काढायचा. तिचा खांदा भिंतीला लागतो का, हात उचलला तर त्याच्या कोपराला अडतो का, थंडीचा कोट घातला तर काय, सगळं लिहून घ्यायचा. ती आपली चहाचा कप मांडीवर धरून बसायची. मुलीच्या शाळेतल्या गोष्टी, इस्पितळातल्या गोष्टी, शेजाऱ्यांच्या गोष्टी निघायच्या. एरवी तो बोलणाऱ्यांतला नव्हता; त्या पुठ्ठ्यात बसला की मात्र मोकळा व्हायचा. चौथ्या विमानात तिचा खांदा दोन बोटं दबतो, असं मापात आलं आणि त्याने ते यादीतून काढून टाकलं. ती म्हणाली, दोन बोटांनी काय होतंय. तो म्हणाला, दोन तास बसल्यावर कळेल काय होतंय ते.

पुढे आणखी विमानं आली. एकाची जागा रुंद होती तर पंख शेडपेक्षा लांब. त्याने शेड वाढवायचा विचार केला, तोवर ती कंपनी बंद पडली. एकाचं इंजिन त्याला पटेना. एकाचे नकाशे त्याने वाचले आणि शेपटीच्या जोडकामात चूक काढली. कंपनीला तसं कळवलं, तर वर्षभराने त्यांनी आभाराचं पत्र आणि सुधारलेला नकाशा पाठवला. ते पत्र डेपोत सगळ्यांनी वाचलं. फोरमन म्हणाला, “अरे, आता घेऊन टाक त्यांचंच.” पण त्यात सामानासकट दोन माणसांचं वजन बसत नव्हतं. बायकोला वजन कमी कर म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने तेही सोडलं.

डेपोत एक वायरमन होता, रिबीटपेक्षा सहा वर्षांनी लहान, बिनलग्नाचा, बहिणीकडे राहणारा. जेवणाच्या सुट्टीत रिबीटच्या फायली तो चाळायचा. एक दिवस त्याने विचारलं, ते कापडाचं, एकट्याचं, कसं आहे? रिबीटने त्याला त्या विमानातल्या आठ खोडी मोजून दाखवल्या. वायरमनने आठही नीट ऐकल्या, मान डोलावली, आणि पंधरा दिवसांत त्याची ऑर्डर गेलीसुद्धा. बहिणीच्या गाडीच्या शेडमध्ये त्याने ते तीन वर्षांत उभं केलं. कुठे अडलं की रिबीटला विचारायचा, रिबीट सांगायचा. एका वसंतातल्या सकाळी वायरमन त्यात बसला आणि उडाला. डेपोतली वीसेक माणसं बघायला गेली होती. रिबीटही होता. विमान खाली आल्यावर त्याने भोवती एक फेरी मारली, पंखाच्या कडेला कापड सुरकुतलेलं त्याला दिसलं, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. वायरमन म्हणाला, “दादा, तुम्हाला फिरवून आणलं असतं, पण दुसरी सीटच नाही.”

त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोने बघितलं आणि ती हळूच म्हणाली, “अहो, आपणही तसलंच घेऊ या ना. एकट्याचं. तुम्ही उडा, मी खालून बघेन.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, ही माझ्यासाठी मन मारतेय. “तुला खाली ठेवून मी वर काय करू?” असं म्हणून त्याने विषय संपवला. आणि तिने पुन्हा काढला नाही.

मुलगी औषधशास्त्र शिकली, दुसऱ्या शहरात दुकानात लागली. मोजणीवाला म्हातारा वारला, त्याचं पांढरं विमान पुतण्याने विकून टाकलं. पुठ्ठ्याच्या सीटचा पुठ्ठा दोनदा बदलून झाला. चोपन्नाव्या वर्षी, एका रविवारी दुपारी, अखेर त्याला हवं ते सापडलं. पत्र्याचं, दोन सीटचं, जागा ऐसपैस, पंख शेडमध्ये मावणारे, वजन बसणारं, कंपनी जुनी. तीन आठवडे तो त्यात खोट शोधत होता. सापडली नाही. त्याने पेन्सिलने त्या पानावर बरोबरची खूण केली, आणि त्याला काय वाटलं तर भीती वाटली. आता निवडायचं काही उरलं नव्हतं.

आधी शेपटीचं खोकं मागवायचं ठरलं. पण क्लबमधल्या विमान चालवायला शिकवणाऱ्या बाईंनी सल्ला दिला की पैसे गुंतवण्याआधी उडण्यासाठी लागतो तो डॉक्टरचा दाखला काढून घ्या, म्हणजे मागाहून घोडं अडायला नको. ते त्याला पटलं. तो रजा टाकून गेला.

डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. डोळे पाहिले, कान पाहिले. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते बंदुकीमुळे, तेवढं चालेल म्हणाला. मग दोन्ही हात समोर धरायला सांगितले आणि मांडीवर ठेवायला सांगितले. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट गोळी वळावी तशी एकमेकांवर फिरत होती. डॉक्टरने विचारलं, हे केव्हापासून?

त्याला ते माहीत होतं. दीड वर्ष माहीत होतं. बंदूक धरून धरून हात असा राहतो, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं. पण दीड वर्षात त्याची ओळ हलायला लागली होती. रिबिटाच्या डोक्याशेजारी बंदूक घसरून चंद्रकोरीसारखे खड्डे पडायचे. फोरमनने त्या खड्ड्यांबद्दल एक अक्षर न बोलता त्याला सहा महिन्यांपूर्वी स्टोअरवर बसवलं होतं, वयाचं कारण सांगून. त्यानेही वयाचं कारण मानून घेतलं होतं.

डॉक्टरने आणखी दोन ठिकाणी पाठवलं. महिन्याभराने आजाराचं नाव ठरलं: कंपवात. दाखल्याच्या कागदावर नकार आला. विचारल्यावर डॉक्टरने सांगितलं की औषधांनी बरीच वर्षं चालता-फिरता येईल, पण विमान विसरा.

घरी येऊन त्याने कागद टेबलावर ठेवला. बायकोने वाचला. ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली, आणि त्याचा तो हात तिने हातात घेतला.

मग तो म्हणाला, “तुला एकदा तरी वर न्यायचं होतं. तेवढंही झालं नाही माझ्याच्याने.”

ती गप्प राहिली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं. पण त्याचा चेहरा तिला बघवेना. त्याचं ओझं थोडं हलकं करावं म्हणून ती बोलून गेली. “त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी काही बसणार नव्हते.”

“म्हणजे?”

“मला शिडीवर चढलं तरी गरगरतं. माहीत आहे ना तुम्हाला. मी कधीच बसणार नव्हते विमानात.”

त्याने हात काढून घेतला. “मग इतकी वर्षं का बोलली नाहीस?”

“बोलले होते एकदा. एकट्याचं घ्या म्हणाले होते.” ती थांबली. “आणि तिथे शेडमध्ये बसलो की तुम्ही माझ्याशी बोलायचात.”

तो उठून शेडमध्ये गेला. तिला वाटलं, आता मोडतोड ऐकू येणार. काही ऐकू आलं नाही. तो पुठ्ठ्याच्या डाव्या सीटवर नुसता बसून होता. मनात हिशेब चालला होता, आणि तो हिशेब त्याला थांबवता येत नव्हता. चव्वेचाळिसाव्या वर्षी एकट्याचं घेतलं असतं तर सत्तेचाळिसाव्या वर्षी उडालो असतो. हात बिघडेपर्यंत पाच वर्षं. किमान पाच वर्षं. तिच्या दोन बोटांसाठी, तिच्या वजनासाठी, तिच्या दम्यासाठी त्याने जे जे नाकारलं होतं ते सगळं एकामागून एक डोळ्यांसमोरून गेलं. तिच्यावर रागवावं तर तिने काय केलं होतं? एक थट्टा केली होती आणि चहा पीत बसली होती. ज्याच्यावर रागवावं असं दुसरं कोणी सापडेना, हे सगळ्यांत वाईट होतं.

मुलगी येऊन गेली. ती म्हणाली, बाबा, उडायचं राहू दे, बनवा तरी. त्याने क्लबमधून सरावाचा एक पत्र्याचा तुकडा आणला. बायको आतून ठोकळा धरायला उभी राहिली, कानाला रुमाल बांधून. चाळीस रिबिटं मारायची होती. सतरा वाकडी गेली. त्याने ती सतरा ड्रिलने काढायचा प्रयत्न केला, तर भोकं मोठी झाली. ती म्हणाली, उद्या बघू. त्याने बंदूक गुंडाळून ठेवली आणि नंतर कधी काढली नाही.

वर्ष-दीड वर्षाने वायरमन घरी आला. त्याला आता मोठं विमान बनवायचं होतं. नवरा वारल्यापासून बहीण एकटी पडली होती, तिलाही फिरवावं असं त्याच्या मनात होतं. कोणतं घेऊ, असं विचारायला आला होता. रिबीटने पेन्सिलची खूण असलेलं पान काढून दिलं. वायरमनने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “दादा, हे तुमचं होतं ना?”

“घे,” तो म्हणाला. “त्यात खोट नाही.”

त्या कामाला वायरमनने साडेचार वर्षं घेतली. सुरुवातीला रविवारी तो रिबीटला घेऊन जायचा. रिबीट खुर्चीवर बसून नकाशा वाचून सांगायचा. पुढे त्याचा आवाज बसत गेला, बंदुकीच्या आवाजात तो कोणाला ऐकू येईना, आणि एकच गोष्ट चारदा सांगावी लागली की त्याला रडू यायचं. त्याने जाणं बंद केलं. मुदतीआधीच तो डेपोतून निवृत्त झाला. निरोपाला फोरमन चार शब्द बोलला, रिबीटला उत्तरादाखल आभारही धड मानता आले नाहीत. घरात शर्टाची बटणं बायको लावू लागली. जेवताना वेळ लागतो म्हणून ती आपलाही घास मुद्दाम सावकाश घ्यायची.

विमान तयार झालं, वायरमनने चाळीस तास एकट्याने उडवून बघितलं आणि मग पहिला माणूस म्हणून रिबीटला बोलावलं. रिबीट तेव्हा साठीला टेकला होता. बायको त्याला घेऊन गेली. पंखावर पाय ठेवून चढायचं, मग काठ ओलांडून आत उतरायचं, एवढंच होतं. वायरमनने खालून धरलं, क्लबमधल्या एकाने वरून. पंखावर तो चढला. पण काठावरून पाय उचलायचा तर पाय जागेवर खिळल्यासारखा झाला. त्याने स्वतःच्या मांडीला हाताने धरून उचलायचा प्रयत्न केला. अर्धा तास ते चाललं. ऊन चढलं, त्याचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी तो म्हणाला, “उतरवा मला.”

त्याला खुर्चीवर बसवलं. वायरमन हातातली किल्ली चाळवत उभा होता. मग रिबीट बायकोकडे वळून म्हणाला, “तू जा.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“जा,” तो पुन्हा म्हणाला. “एकाने तरी बसू दे.”

ती गेली. कशी गेली ते तिचं तिला ठाऊक. वायरमनने तिला पट्टे बांधले, काच लागली, विमान गवतावरून धावत सुटलं आणि उचललं गेलं. रिबीट मान वर करून बघत होता. मान त्याची आता फारशी वर जात नसे, म्हणून थोड्याच वेळात विमान त्याच्या नजरेबाहेर गेलं आणि नुसता आवाज येत राहिला. वीस मिनिटांनी ते उतरलं. तिला दोघांनी धरून आणलं. ओठ पांढरे पडले होते.

गाडीत बसल्यावर त्याने विचारायला सुरुवात केली. वळताना पंखाचा पत्रा थरथरत होता का? काचेच्या फटीतून वारा येत होता का? खांद्याला जागा पुरली? खाली डेपो दिसला? ती नुसती हं हं करत होती. शेवटी त्याने विचारलं, “तू पाहिलंस काय तिथे?”

“मी डोळे मिटले होते,” ती म्हणाली. “सगळा वेळ.”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तो तिच्याशी बोलला नाही. ती गोळ्या हातावर ठेवायची, तो घ्यायचा. तिसऱ्या दिवशी तिने त्याचे सगळे प्रश्न आठवून एका कागदावर लिहिले. अकरा झाले. वायरमनला फोन केला, आणि पुढच्या रविवारी ‘माझ्या बहिणीकडे जाऊन येते’ असं त्याला सांगून घराबाहेर पडली. या वेळी तिने डोळे उघडे ठेवले. दोनदा पिशवीत ओकली. डेपोचं लांबलचक छप्पर तिला दिसलं, इस्पितळ दिसलं, आपल्या घरामागची शेड दिसली, खोकं उलटं ठेवल्यासारखी. पंखावरच्या रिबिटांच्या ओळीकडे ती बघत राहिली. पत्रा वळणावर थरथरतो की नाही, ते तिने वायरमनलाही विचारून घेतलं आणि मांडीवरच्या कागदावर वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं.

घरी येऊन तिने कोटही काढला नाही. त्याच्या समोर स्टुलावर बसून अकराही उत्तरं वाचून दाखवली. पत्रा थरथरत नाही. काचेच्या फटीतून वारा येतो, मानेशी, थोडा. खांद्याला जागा पुरते, दोघांना कोट घालूनही पुरेल.

आजाराने त्याच्या चेहऱ्याची हालचाल केव्हाच बंद पाडली होती. ऐकताना त्याला आनंद झाला, की राग आला, की त्याचं लक्षच नव्हतं, हे तिला ओळखता येईना. पूर्वी तिला त्याच्या भुवईवरून कळायचं.

“बरं,” तो म्हणाला.

आणखी काही विचारेल म्हणून ती कागद हातात धरून थांबली. त्याने काही विचारलं नाही. मग ती उठली, आणि त्याच्या दुपारच्या गोळीची वेळ टळून गेली होती, म्हणून पाणी आणायला आत गेली.